वाईट बातमी मशीनपासून साहेबांपर्यंत किती वेळात पोहोचते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला दीडशेच्या आसपास माणसांचा मशीनिंगचा कारखाना आहे, गाड्यांचे सुटे भाग बनतात. नवी सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीनं घेतली, पगार वेळेवर होतो, तरी रिजेक्शन (नाकारल्या जाणाऱ्या मालाचं प्रमाण) उतरत नाही. कस्टमरच्या तक्रारी थांबत नाहीत आणि शिकवून तयार केलेली मुलं वर्षभरात शेजारच्या कंपनीत जातात. एका सल्लागाराने कार्यसंस्कृती सुधारायला सांगितलं आणि त्यासाठी एक कार्यक्रमही सुचवला. कारखान्यातल्या वातावरणाचा कामावर खरंच परिणाम होतो का आणि होत असेल तर नेमका कुठून, हे तुम्हाला हवं आहे.

परिणाम होतो, आणि तो रुपयांत मोजता येतो. पण सल्लागाराच्या कार्यक्रमात तो सापडायचा नाही. माझं सगळं काम भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यातल्या कारखान्यांत गेलं. प्रॉडक्शनमध्ये सुरुवात केली, नंतर औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ बघितलं. त्या अनुभवावरून मी कारखान्याचं वातावरण एकाच गोष्टीवरून जोखतो. मशीनवर काही बिघडलं की ते दुरुस्त करण्याचा अधिकार असलेल्या माणसाला किती वेळात कळतं? बाकी सगळं यातून निघतं.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. तिसरी पाळी चालू आहे. बोअरिंगच्या (भोक मापात कापण्याच्या) ऑपरेशनला सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, नव्वद सेकंद, म्हणजे तासाला ४० जॉब. रात्री दोन वाजता इन्सर्ट (कापणारं पातं) घासला गेला आणि बोअरचं, म्हणजे त्या भोकाचं, माप हलायला लागलं. मशीनवरच्या मुलाला ते जाणवतं, कारण आवाज बदलतो, चिप्स (कापलेल्या धातूचा कीस) वेगळ्या पडतात, माप तपासायचा गेज जरा सैल बसतो. त्याने तेव्हाच मशीन थांबवून सेटरला (मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराला) हाक मारली तर पाच-दहा जॉब बाजूला पडतील. सकाळी सातपर्यंत तो गप्प राहिला तर २०० जॉब संशयास्पद होतात. त्यातले काही डिस्पॅचमध्ये मिसळले तर तुमची माणसं कस्टमरच्या गेटवर बसून माल निवडणार, त्याचा खर्च तुमच्यावर आणि कस्टमरकडचं तुमचं रेटिंग घसरणार ते वेगळंच. मशीन तेच, माणूस तोच, पगारही तोच. फरक फक्त दोन वाजता त्या मुलाने काय ठरवलं याचा.

आणि ते त्याने दोन वाजता ठरवलेलं नसतं. मागच्या वेळी कुणीतरी मशीन थांबवलं तेव्हा काय झालं, त्यावरून ते आधीच ठरलेलं असतं. सुपरवायझर येऊन सगळ्यांसमोर ओरडला, 'प्रॉडक्शन कोण देणार?' म्हणाला, सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव घेतलं गेलं, महिन्याच्या शेवटी ओव्हरटाइम दुसऱ्याला मिळाला. हे एकदा झालं की पाळीतल्या वीस जणांना कळतं. मग 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हेच धोरण होतं. माणसं पाट्या टाकायला लागतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ही माणसंच आळशी आहेत.

माणसंच तशी आहेत, हे मत मी मालकांकडून सगळ्यात जास्त ऐकलं आहे. त्याला माझ्याकडे एकच मोठं उत्तर आहे, आणि ते अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा गाड्या जुळवण्याचा कारखाना होता. कंपनीच्या सगळ्यात वाईट कारखान्यांत त्याची गणना व्हायची. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या वर, कामावर दारू, तक्रारींचे ढीग, युनियन आणि व्यवस्थापन कायम समोरासमोर. लाइन थांबवणं हा तिथे जवळजवळ गुन्हा होता. चुकीचा भाग बसलेला दिसला तरी गाडी पुढे ढकलायची आणि शेवटी आवारात नेऊन दुरुस्त करायची. १९८२ मध्ये जनरल मोटर्सने तो बंद केला.

१९८४ मध्ये तोच कारखाना जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या भागीदारीत 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला. चालवायचा टोयोटाने. युनियन तीच राहिली आणि कामगारांपैकी बहुसंख्य जुनेच परत घेतले गेले. त्यांच्यातल्या शेकडो जणांना जपानमध्ये टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात नेऊन तिथल्या लाइनवर प्रत्यक्ष काम करायला लावलं. परत आल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी होती. अडचण आली की ओढायची. ओढली की टीम लीडर धावत येणार, आणि ठरलेल्या वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबणार. दोरी ओढणाऱ्याला कुणी जाब विचारणार नाही, उलट मदतीला येईल, हे रोज दिसत होतं. साहेब आणि कामगार एकाच कॅन्टीनमध्ये जेवायचे, साहेबांसाठी गाडी लावायची राखीव जागा नव्हती. कामांच्या ऐंशीहून जास्त वर्गवाऱ्या मोडून मोजक्याच ठेवल्या, म्हणजे 'हे माझं काम नाही' म्हणायला फट उरली नाही.

गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तुलना केली तेव्हा जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जुळणीला ३१ तास लागत होते, नुम्मीत १९ आणि ताकाओकात १६. शंभर गाड्यांमागे जुळणीतले दोष फ्रॅमिंगहॅमला १३०, नुम्मीत ४५, आणि ताकाओकातही ४५. ज्यांना कामचुकार म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांच्याच हातून हे काम झालं.

या गोष्टीचा एक भाग सहसा सांगितला जात नाही, आणि तुम्हाला नेमका तोच उपयोगी पडेल. टोयोटाने युनियनशी केलेल्या करारात नोकरीची हमी होती. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कामगार कपात होणार नाही, आणि त्याआधी वरच्यांचे पगार कापले जातील. १९८८ मध्ये तिथल्या गाडीची मागणी खूप पडली, तेव्हा ही हमी खरी आहे का याची परीक्षा झाली. एकालाही कमी केलं नाही. रिकाम्या वेळात प्रशिक्षण दिलं, लाइनच्या सुधारणेची कामं करवून घेतली. माझ्या मते दोरीपेक्षा या निर्णयाचं वजन जास्त आहे. आपण सुचवलेल्या सुधारणेने दोन माणसांचं काम कमी झालं आणि ती दोन माणसं घरी गेली, हे एकदा बघितलं की तिसरी सूचना कुणी देत नाही.

जनरल मोटर्सने हीच पद्धत कॅलिफोर्नियातल्याच आपल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात नेण्याचा प्रयत्न केला. दोरी बसवता आली. पण सुपरवायझरचं मोजमाप अजून गाड्यांच्या आकड्यावरच होतं, लाइन थांबू दिली तर त्याचीच मान अडकायची. कामगारांचा व्यवस्थापनावर भरवसा नव्हता. प्रयत्न फसला आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी लाइनवर दिवे, बझर, दोऱ्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर धूळ असते. कुठल्याही कारखान्यात गेलो की मी आधी ती धूळ बघतो.

आता तुमच्या सुपरवायझरकडे येतो, कारण मालकांचं सगळं लक्ष कामगारांकडे असतं आणि गोष्ट अडते मध्ये. आपल्याकडे सुपरवायझर कसा होतो? उत्तम सेटर असतो, मशीनचा जाणकार असतो, म्हणून बढती मिळते. माणसं कशी सांभाळायची, हे त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. त्याचा स्वतःचा सुपरवायझर ओरडायचा म्हणून तोही ओरडतो. सकाळी साडेनऊच्या मीटिंगला त्याला एकच प्रश्न विचारला जातो, 'काल किती झाले?' कमी झाले असतील तर दुसरा, 'कुणामुळे?' हे दोन प्रश्न तो जसेच्या तसे खाली पोहोचवतो. त्याच्याकडून तिसऱ्या प्रश्नाची अपेक्षा करायची तर तो आधी तुम्ही त्याला विचारायला हवा: 'कशामुळे झालं, आणि तुला माझ्याकडून काय हवंय?'

हे वाचायला सोपं वाटतं. चिडलेल्या कस्टमरचा फोन नुकताच ठेवलेला असताना करायला फार अवघड आहे. पण तुम्ही त्या क्षणी काय बोलता, याला भिंतीवरच्या सगळ्या घोषवाक्यांपेक्षा जास्त किंमत आहे. वाईट बातमी आणणाऱ्याशी मालक कसा वागला, हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची, आणि यावर जरा थांबतो. तुमच्यासारख्या कारखान्यात लाइनवर उभे असणारे निम्म्याहून जास्त लोक कंत्राटी, ट्रेनी नाहीतर अप्रेंटिस असण्याची शक्यता मोठी आहे. कुणी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेलं, कुणी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. जॉब दिवसभर हातात धरणारे तेच, म्हणजे दोष सगळ्यात आधी दिसणार तो त्यांना. आणि बोलण्याची भीतीही सगळ्यात जास्त त्यांनाच, कारण एका फोनवर ठेकेदार दुसरा माणूस पाठवतो. त्यांच्या गणवेशाचा रंग वेगळा, बसमधली जागा शेवटची, कॅन्टीनमध्ये रांग वेगळी, कित्येकदा जेवणही वेगळं. नावाने हाक मारण्याऐवजी 'ए कॉन्ट्रॅक्टवाले'. ज्याचं नावही तुम्ही लक्षात ठेवत नाही, त्याने रात्री दोन वाजता तुमच्या मालाची काळजी करावी, ही अपेक्षा कशी धरता येईल?

रांजणगावच्या एका कारखान्यात मी पाहिलेला बदल सांगतो. नव्या प्लांट हेडने पहिल्या महिन्यात फार काही केलं नाही. गणवेश सगळ्यांना एक केला, कॅन्टीनची रांग एक केली, आणि तिसऱ्या पाळीला आठवड्यातून एक फेरी स्वतः मारायला लागला. फेरीत तो ज्याच्याशी बोलायचा त्याला नावाने आणि 'तुम्ही' म्हणायचा. सुपरवायझर सुरुवातीला नाराज होते, 'साहेब डोक्यावर चढवून ठेवतायत' म्हणाले. काही आठवड्यांनी एका कंत्राटी मुलाने त्याला सांगितलं की एका फिक्श्चरची (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याची) पिन झिजली आहे, आणि जॉब नीट बसावा म्हणून सगळे खाली कागदाची पट्टी घालतात. ती पट्टी कितीतरी महिने चालू होती. मेंटेनन्सला माहीत नव्हतं, क्वालिटीला माहीत नव्हतं, लाइनवर मात्र सगळ्यांना माहीत होतं. त्या मापाच्या तक्रारीवर तोवर कितीतरी अहवाल लिहून झाले होते, आणि प्रत्येकात मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असंच लिहिलेलं होतं.

तुमच्याकडच्या कस्टमर तक्रारींचे जुने अहवाल काढून बघा. मूळ कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटर' आणि उपायाच्या रकान्यात 'ऑपरेटरला समज दिली' किंवा 'प्रशिक्षण दिलं' असं पुन्हापुन्हा दिसलं, तर तुमच्या कारखान्यात कुणीही कारण शोधत नाही, फक्त नाव शोधतात. तो दोष परत येणार हे नक्की.

मोजमापाबद्दल आताच सावध करतो, कारण चांगली सुरुवात इथेच मोडते. वातावरण सुधारायला लागलं की नोंदवलेले दोष आधी वाढतात. नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डांत प्रमुख परिचारिका चांगली आणि आपसातले संबंध चांगले, तिथे चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त नोंदलेल्या होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, उघडपणे सांगितल्या जात होत्या. कडक वॉर्डांत त्या दडपल्या जात होत्या. तुमच्याकडेही पहिल्या दोन-तीन महिन्यांत लाइनवरचं रिजेक्शन वाढलेलं दिसेल. त्याच वेळी कस्टमरकडून परत येणारा माल कमी होतोय का, हे बघा. घरातलं वाढतंय आणि बाहेरचं घटतंय तर तुम्ही बरोबर चालला आहात. त्या टप्प्यावर घाबरून 'हे काय चाललंय' म्हणून कुणाला झापलंत, तर आकडे लगेच 'सुधारतील' आणि दोष पुन्हा लपतील.

टार्गेटचंही तसंच. टार्गेट हवंच, त्याशिवाय कारखाना चालत नाही. पण एकच आकडा, तोही भीतीच्या वातावरणात, माणसांना काय करायला लावतो हे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने दाखवलं आहे. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकायच्या, असा रेटा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० लोकांना नोकरीवरून काढल्याचं बँकेने मान्य केलं. इतकी सगळी माणसं मुळातच लबाड म्हणून भरती झाली असतील, असं मला वाटत नाही. तुमच्या शॉप फ्लोअरवर याचं रूप म्हणजे पाळी संपताना बोर्डावर लिहिलेला पूर्ण आकडा आणि मशीनमागे झाकून ठेवलेला रिवर्कचा (पुन्हा दुरुस्त करायच्या जॉबचा) ट्रे.

सगळ्याला माफी द्या, असं मी म्हणत नाही. सेफ्टी डोअरचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी व्यवस्था) जाणूनबुजून बायपास करणारा, दारू पिऊन आलेला, गेज न लावताच तपासणीच्या तक्त्यावर मापं भरणारा, यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. ती झाली नाही तर नीट काम करणारेच नाउमेद होतात. फक्त कारवाईआधी एक गोष्ट तपासा: तसं करायला त्याला कुणी सांगितलं होतं का, किंवा तसं केल्याशिवाय टार्गेट होणंच शक्य नव्हतं का? इंटरलॉक बायपास केलेला असतो तेव्हा पाळीतल्या वरिष्ठाला ते माहीत नसतं, असं मला क्वचितच दिसलं आहे. मेमो फक्त ऑपरेटरला मिळाला तर सगळी लाइन त्यातून नको तो धडा घेते.

वातावरणाने काय होत नाही, तेही सांगायला हवं. शेजारची कंपनी दोन हजार जास्त देत असेल तर तुमच्या गोड बोलण्याने मुलं थांबणार नाहीत, आणि थांबू नयेत. पीएफ भरला जात नसेल, ओव्हरटाइमचा दुप्पट दर मिळत नसेल, ठेकेदार पगारातून कट मारत असेल, तर आधी ते सरळ करा. तुम्ही पगार वेळेवर देता हे चांगलंच आहे, पण ठेकेदाराच्या माणसांना तो कधी आणि किती मिळतो, हे कधी स्वतः विचारलंय का? झिजलेलं फिक्श्चर आपुलकीने सरळ होत नाही, त्याला पैसे लागतात. उलट, लोकांनी खरं सांगायला सुरुवात केली की असे खर्च वाढतील, कारण इतके दिवस झाकलेलं वर येईल. ती तयारी नसेल तर लोकांना बोलायला लावूच नका. बोलायला सांगून काही न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. सूचनापेटीचं आपल्याकडे हेच झालं. क्वालिटी सर्कलचंही तेच, म्हणजे कामगारांनी गटाने बसून आपल्या कामातले प्रश्न सोडवायचे: १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीपासून ती आपल्या देशात सुरू झाली आणि चांगली पसरलीही. पण कितीतरी कंपन्यांत पुढे प्रत्येकाने महिन्याला दोन कायझन (छोट्या सुधारणांच्या सूचना) भरलेच पाहिजेत असा कोटा आला, आणि लोक महिनाअखेरीला एकमेकांचे फॉर्म बघून लिहायला लागले.

तर सुरुवात कुठून करायची? सल्लागाराचा कार्यक्रम तूर्त बाजूला ठेवा. एकच लाइन निवडा, जिथे तक्रारी जास्त आहेत ती. तिथल्या तिन्ही पाळ्यांना, कंत्राटी धरून, तुम्ही स्वतः सांगा की शंका आली तर मशीन थांबवायचं, त्या वेळात बुडालेलं प्रॉडक्शन पाळीच्या टार्गेटमधून वजा होईल. हे वजा करणं कागदावर यायला हवं, नाहीतर सुपरवायझर ते होऊ देणार नाही. लाइनजवळ एक फळा लावा. त्यावर कोणत्या वेळी काय अडलं एवढंच लिहायचं, चूक कुणाची ते लिहायचं नाही. समोर जबाबदार विभाग आणि उत्तराची वेळ. साधी गोष्ट असेल तर चोवीस तासांत उत्तर, मोठी असेल तर 'पिन मागवली, अमुक तारखेला येईल' एवढं तरी. 'करता येणार नाही, कारण हे' हेही उत्तरच आहे, आणि लोक ते समजून घेतात. उत्तरच न येणं त्यांना लागतं.

त्या लाइनच्या सुपरवायझरला या काळात एकटं सोडू नका. आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर चहा घ्या, खोलीत दुसरं कुणी नको. त्याचं जुनं वजन जातंय असं त्याला वाटत असतं, आणि ती भीती खरी आहे. त्याला नवं वजन तुम्हीच देऊ शकता. त्याच्या लाइनवरून आलेली अडचण तुमच्याकडून लवकर सुटली, तर माणसं त्याच्याकडे पुन्हा येतील. तरीही तो बदलला नाही, लोकांना अपमानितच करत राहिला, तर तो कितीही चांगला सेटर असला तरी माणसं त्याच्या हाताखाली ठेवू नका. त्याला टूल रूममध्ये किंवा प्रोसेसमध्ये मानाची जागा द्या. हा निर्णय मालक वर्षानुवर्षं टाळतात, कारण तो माणूस प्रॉडक्शन काढून देतो. त्याच्या लाइनवरून किती माणसं सोडून गेली आणि प्रत्येक नवा माणूस तयार होईपर्यंत किती माल गेला, हे एकदा त्याच्या प्रॉडक्शनशेजारी मांडून बघा.

सोडून जाणाऱ्यांशीही बोला, पण शेवटच्या दिवशी नाही. त्या दिवशी प्रत्येकजण 'घरची अडचण' म्हणतो, कारण त्याला हिशेब आणि अनुभवाचा दाखला हवा असतो. दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी फोन करायला लावा, शक्यतो जो त्याचा साहेब नव्हता अशा माणसाला. तेव्हा खरं कारण कळतं. दिवाळीचा बोनस झाल्यावर कोणत्या लाइनवरून जास्त माणसं जातात, याची यादी मात्र या वर्षीपासूनच ठेवा.

तीन महिन्यांनी एका रात्री अडीचच्या सुमारास कारखान्यात जा आणि त्या लाइनवरच्या सगळ्यात नव्या मुलाला विचारा, 'या आठवड्यात मशीन कधी थांबवलंत? मग कोण आलं?' तो आधी सुपरवायझरकडे बघून मग उत्तर देतो की सरळ तुमच्याकडे बघून, हे नीट पाहा. सरळ सांगितलं तर दुसरी लाइन घ्या. सुपरवायझरकडे बघितलं तर याच लाइनवर अजून तीन महिने काम करा.